घशातला गोळा आणि मंगळवारची ओपीडी

चार रिटायर नर्सा एकत्र बसल्या की चहा निवतो, हे आमच्या घरच्यांना आता पाठ झालंय. एकीनं "ती बाई आठवते का गं?" म्हटलं की दुसरीला भलतीच बाई आठवते, तिसरी तिच्यात तिसरी मिसळते, आणि संध्याकाळ होते. किस्से काही आम्ही जमवले नाहीत. दवाखान्यात रोज इतकी माणसं समोरून जातात, त्यातली काही जायचं नावच घेत नाहीत, एवढंच.

माझ्या वाट्याला आले ते सगळे घशाचे. ऐकणारे हसतात आणि मी सांगता सांगता तापते. माझी मुलगी म्हणते, "आई, तू हसायची गोष्ट भांडल्यासारखी का सांगतेस?" आता काय सांगू तिला! तुम्हीच ऐका.

बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्याच्या तिसऱ्या वर्षी मी नर्सिंग पास झाले. अकोल्याच्या आमच्या वस्तीतून नर्स झालेली पहिली मुलगी. नोकरी लागली ती अमरावतीला, एका ट्रस्टच्या दवाखान्यात. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की लोक किस्सा सोडून दवाखान्याबद्दलच बोलत बसतात. दर मंगळवारी तिथे कान-नाक-घशाची ओपीडी असायची. डॉक्टर पुण्याकडचे. आम्ही सगळे त्यांना 'साहेब' म्हणायचो. कपाळावर गोल आरसा, हातात लांब दांडीचा दुसरा छोटा आरसा. हात असा हलका की पेशंटला कळायच्या आत काम झालेलं असायचं. हाताबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती.

केसपेपर मी भरायचे. निम्म्या लोकांची तक्रार एकच: घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. मी पेशंट सांगेल तसं लिहायचे. 'घशात बोर.' 'सुपारी.' 'कापसाचं बोंड.' 'उकडलेला बटाटा.' पहिल्याच मंगळवारी साहेबांनी गठ्ठा चाळला आणि म्हणाले, "सिस्टर, हे केसपेपर आहेत की बाजाराची यादी?"

मग ते स्वतः लिहायचे. बाईमाणूस असली आणि आत काही दिसलं नाही, की इंग्रजीत एकच शब्द: हिस्टेरिया. तोंडानं म्हणायचे, "काही नाही, मनाचं आहे." आणि मन शांत करायचं ब्रोमाइडचं गुलाबी मिक्श्चर. त्या वर्षी मी इतक्या गुलाबी बाटल्या भरल्या की अजूनही मला गुलाबी सरबत चालत नाही!

* * *

परतवाड्याकडून एक बाई आली. पन्नाशीची, डोक्यावरचा पदर हनुवटीखालून घट्ट लपेटलेला. "घशात गोटा हाये," म्हणाली.

साहेबांनी छोटा आरसा स्पिरिटच्या दिव्यावर गरम केला, मी गॉजच्या कापडात तिची जीभ धरली, त्यांनी आत पाहिलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

"हाये ना साहेब. गोटा हाये."

पुन्हा पाहिलं. पुन्हा स्वच्छ. साहेब वैतागले. "बाई, आत मी पाहतोय, तुम्ही नाही. मनाचं आहे ते."

बाईनं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सरळ पदर सोडून मान वर केली. गळ्यावर हा एवढा लिंबाएवढा गोळा! ती आवंढा घेई, तसा तो वर जाई, खाली येई. गलगंड! कोणालाही दोन हातांवरून दिसला असता.

"म्या तं पहिलेच सांगतलं गोटा हाये म्हणून," ती म्हणाली. "तुमी आंतच पाहून राहिले!"

बाकावरची सगळी रांग हसली. साहेबांचे कान लाल झाले. ओपीडी संपल्यावर मला म्हणाले, "सिस्टर, बाईमाणसाला पदर काढा असं कसं म्हणणार?"

जीभ बाहेर ओढायला संकोच नाही, पदर सरकवा म्हणायला संकोच! मी म्हटलं, "मी तिथे कशाला उभी असते साहेब? मला सांगायचं." त्यानंतर मी त्यांच्या सांगण्याची वाट पाहिली नाही. बाई खुर्चीत बसली की आधी पदर.

* * *

एक जोडपं आलं. बाई पंचविशीतली. नवरा शेजारी उभा, हातात केसपेपर.

साहेबांनी बाईला विचारलं, "काय होतंय?"

नवरा म्हणाला, "तिच्या गळ्यात गोळा येते."

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून," नवरा.

"दुखतं का?"

"नाई दुखत," नवरा.

"जेवताना अडकतं?"

"जेवते ना बराबर! दोन भाकरी खाते," नवरा.

साहेब आरसा गरम करत होते, मान खाली. म्हणाले, "हं, जीभ बाहेर काढा."

आणि नवऱ्यानं जीभ बाहेर काढली!

आजही हे सांगितलं की लोक लोटपोट होतात. मीही हसले होते. पण बाई हसली नाही. तिच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मला इतकी चीड आली! मी नवऱ्याला म्हटलं, "केसपेपरवर शिक्का राहिला. समोरच्या इमारतीतून मारून आणा." शिक्का काही लागत नव्हता.

तो गेला आणि ती बोलायला लागली. सासूचं, नणंदेचं, माहेरी जाऊ न दिल्याचं, शिवण शिकायचं होतं त्याचं. मध्ये श्वास घेतला तेवढाच. साहेब घड्याळ पाहत होते. मी त्यांच्या आणि घड्याळाच्या मध्ये उभी राहिले. बोलता बोलता ती थांबली, गळ्याला हात लावला. "आता नाई वाटून राहिला," म्हणाली.

नवरा परत आला. "काय सांगतलं डॉक्टरनं?"

"काही नाही," ती म्हणाली.

साहेबांनी कागदावर काय लिहिलं ते सांगायला नको. बाटली गुलाबी.

* * *

आता हे पाहा. पूर्णा नदीच्या मासोळीचा काटा घशात अडकलेला एक माणूस आला. साहेबांनी चिमट्यानं काटा काढला आणि त्याच्या डोळ्यांसमोर ट्रेमध्ये ठेवला.

तो आवंढा घेऊन म्हणाला, "साहेब, टोचतेच ना अजून."

"अहो, हा काय काटा!"

त्यानं ट्रेमध्ये नीट निरखून पाहिलं. "मंग आंत दुसरा असन!"

साहेबांनी त्याला जवळ बसवलं, कागदावर घशाचं चित्र काढलं, काटा निघाला तरी त्याचा ओरखडा राहतो आणि तोच दोन दिवस काट्यासारखा टोचतो, हे सगळं समजावून सांगितलं. पाव तास! अगदी प्रेमानं! काटा नसताना टोचतो म्हणणाऱ्या त्या बाप्याला कोणी म्हटलं नाही, की तुमच्या मनाचं आहे.

* * *

अमरावतीतल्याच एका वकिलांची बायको आली. घशात गोळा, सकाळी जास्त, तोंडाला आंबट पाणी. कागदावर तोच शब्द, गुलाबी बाटली.

महिन्याभरानं वकीलसाहेब स्वतः आले. घशात गोळा, सकाळी जास्त, तोंडाला आंबट पाणी! त्यांनी कुठेतरी कॅन्सरबद्दल वाचलं होतं आणि घाबरून अर्धे झाले होते. साहेबांनी त्यांना बेरियमचं पांढरं औषध पाजून एक्स-रे काढला, जेवणाच्या वेळा विचारल्या, चहा मोजला. कॅन्सर नव्हता. ठेचा-भाकर पोटभर खायची आणि लगेच आडवं व्हायचं, त्यामुळे पोटातलं आंबट वर घशाशी येत होतं. चहा कमी करा, जेवल्यावर दोन तास निजू नका, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवा.

पुढे दोघं मिळून आले. वकील खूश. "गोळा गेला डॉक्टर!"

साहेब बाईंकडे वळले. "आणि तुमचं? मिक्श्चरनं बरं वाटलं ना?"

"तुमची बाटली तर मी उघडलीसुद्धा नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांच्यासाठी विटा ठेवल्या, पण पलंग तर एकच ना, त्यानंच माझाही गोळा गेला!"

वकीलसाहेब छताकडे बघायला लागले. मला हसू आवरेना म्हणून मी पडद्यामागे गेले. आणि तिथे एकटी असताना एकदम रागच आला. बाईनं जे सांगितलं तेच बाप्यानं सांगितलं. त्याचं पोटाचं आणि तिचं मनाचं?

* * *

हा किस्सा हसायचा नाही. पण सांगते.

भातकुलीकडच्या एका मोठ्या शेतीवाल्या घरातली बाई आली. अंगावर दागिने, सोबत जाऊ, तक्रार तीच: घशात गोळा. गळ्याची गाठ तपासायची तर पेशंटला मान वर करून पाण्याचा घोट घ्यायला सांगतात, म्हणजे गाठ असली तर हलते. मी पेला भरून पुढे केला.

तिनं हात काही पुढे केला नाही. "बाई, तुमी कोणाच्या?"

"आम्ही बौद्ध."

"ते झालं. त्याच्या पहिले कोण?"

मी पेला तसाच धरून उभी राहिले. ती साहेबांना म्हणाली, "पानी नको. मी थुकीच गिळतो." आणि खरंच, मान वर करून एकामागून एक आवंढे घेत राहिली. चार, पाच, सहा. घसा कोरडा पडला, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "साहेब, गोळा तं वाढूनच राहिला!"

वाढणारच! कोरडे आवंढे घेतले की असला गोळा वाढतो आणि पाण्याच्या घोटानं उतरतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. पेला माझ्या हातात होता.

साहेब हलक्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मी बाहेर थांबले. साहेबांनी स्वतः पाणी भरून दिलं. नळ तोच, माठ तोच, पेला तोच. तिनं ते घटाघट प्यायलं आणि मला पडद्याआडून ऐकू आलं, "आता बरं वाटलं बाप्पा."

त्या बाईचा राग मला तितका नाही. ती तशीच वाढली होती. साहेब शिकलेले होते. आणि त्याहून जास्त राग माझा मला. बाहेर थांबता का म्हटल्यावर मी थांबले कशाला? त्या दिवशी परत आत गेल्यावर मी एवढंच म्हणाले, "साहेब, पुन्हा मला बाहेर पाठवलं तर मी बाहेरच राहीन. तुमचा आरसा तुम्ही धरा, जीभही तुम्हीच धरा." त्यांनी पुन्हा कधी पाठवलं नाही.

* * *

मूर्तिजापूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी रुखमा. तीस-बत्तीसची असेल, दिसायची पन्नाशीची. रेल्वेनं यायची. पहिल्यांदा आली तेव्हा "घशात अडकते" म्हणाली आणि गुलाबी बाटली घेऊन गेली. दुसऱ्यांदा आली, दुसरी बाटली घेऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा केसपेपरवर अंगठा लावताना तिचा हात माझ्या हातात आला, आणि मी तिच्या नखांकडे पाहिलं. पांढरी फटक, आणि मध्ये खोलगट, चमच्यासारखी. थेंबभर पाणी राहिलं असतं त्यांत.

मी तिला बाजूला घेतलं. "रुखमाबाई, रिकाम्या घशात अडकतं की खाताना?"

"खातानाच तं! भाकर नाई उतरत. पान्यात भिजवून पेतो आता."

"आणि वजन?"

तिनं चोळीची बाही ओढून दाखवली. आत हात होता की काडी, कळत नव्हतं.

इथेच तर सगळी गोम असते. नुसता गोळा वाटतो आणि जेवताना विसरतो, त्याला धीर देता येतो. पण घास अडकतो, माणूस वाळत जातो, त्याला बाटली द्यायची नाही, शोधायचं. मी साहेबांच्या शब्दाखाली मराठीत लिहिलं: 'भाकर उतरत नाही. नखं चमच्यासारखी. जीभ गुळगुळीत. वजन फार उतरलं.' आणि खाली सही केली.

साहेब ओरडले. अख्ख्या ओपीडीनं ऐकलं. "निदान करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

"निदान नाही केलं साहेब. जे दिसलं ते लिहिलं. बाजाराची यादी समजा!"

मग त्यांनी रुखमाचा हात उचलला, डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहिल्या. एक्स-रे झाला. घशाच्या खाली, अन्ननळीच्या तोंडाशी एक पातळ पडदा आला होता. अंगात रक्त नसलं की वर्षानुवर्षांनी असा पडदा येतो, आणि तसाच राहिला तर पुढे तिथे कॅन्सरही होऊ शकतो. साहेबांनी नळी घालून तो पडदा मोकळा केला. हात हलकाच होता त्यांचा, सांगितलं ना! मग लोहाच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "पालेभाजी, गूळ, मटण खायचं."

रुखमा माझ्याकडे बघून हसली. घरात सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात जे उरतं ते तिचं जेवण. तिचं रक्त कुठे गेलं, हे एक्स-रेत दिसत नाही.

तीन महिन्यांनी ती आली. फडक्यातून कोरडी भाकर काढली, सोबत कांदा, आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसून खायला लागली. रांग खोळंबली. साहेब हात बांधून बघत होते. शेवटचा तुकडा खाल्ला, फडकं झटकलं.

"मनाचं होतं ना साहेब?" ती म्हणाली. "आता पोटात जाऊन राहिलं!"

साहेबांनी त्यानंतर तो इंग्रजी शब्द लिहिताना दरवेळी पेन थांबवलं, हे मी स्वतः पाहिलंय. पण रुखमाच्या आधी अशा किती जणी दोन बाटल्या घेऊन गेल्या आणि तिसऱ्यांदा आल्याच नाहीत, ते मला माहीत नाही. त्यांची नखं मी पाहिली नव्हती.

* * *

आणि ही एक बाई. अकोल्याकडच्या एका खेड्यातली. एकटीच आली होती, हे पहिलं नवल. नवरा नाही, दीर नाही, जाऊ नाही.

"घशात गोळा हाये," म्हणाली.

साहेबांनी तपासलं. पदर सरकवून गळाही तपासला. जेवण जातं, वजन ठीक, आवाज ठीक, नखं ठीक. मग त्यांनी विचारलं, "केव्हापासून?"

"पंचनाम्यापासून."

साहेबांनी आरसा खाली ठेवला. "कसला पंचनामा?"

"माही पोरगी इथंच दिली होती, अमरावतीले. दोन वर्सं झाले. सासरच्या विहिरीत सापडली. पोलिसानं मले इचारलं, काय झालं. म्या सांगतलं, पाय घसरला."

"मग?"

"नव्हता घसरला."

ओपीडीत नेहमीचा गलका होता.

"आंघोळ म्याच घातली तिले," ती म्हणाली. "गळ्यावर वळ होते. दोन्ही बाजूनं. माहे भाऊ म्हनत होते, बोलू नको, दुसरी पोरगी लग्नाची हाये, कोन करन तिले? म्हनून म्या पाय घसरला म्हनलं. तवापासून हा गोळा."

"दुसरीचं लग्न?" मी विचारलं.

"झालं. मांगच्या आठवड्यात."

साहेब म्हणाले, "बाई, घसा तुमचा स्वच्छ आहे."

"मले मालूम हाये," ती म्हणाली. "औषदाले नाई आली मी. घरून निंगायले काहीतरी सांगा लागते ना! दवाखान्यात जातो म्हनलं." मग माझ्याकडे वळली. "बाई, ठाणं कोन्या बाजूनं हाये?"

मी टोपी काढून टेबलावर ठेवली.

"सिस्टर," साहेब म्हणाले, "ओपीडी चालू आहे."

"चालू द्या," मी म्हटलं.

ऊन चढलं होतं. आम्ही दोघी पायीच निघालो. ठाण्यात ठाणेदार पान खात बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं, आधी डोळे मिटून, मग उघडे ठेवून. मग खेकसले, "दोन वर्षं झाले म्हणतेस! दोन वर्षं काय करून राहिली होती?"

"गिळून राहिली होती," ती म्हणाली.

ठाणेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी नर्सच्या पांढऱ्या साडीत तशीच उभी होते, हलले नाही. त्यांनी खिडकीतून पान थुंकलं, कागद पुढे ओढला, टाक दौतीत बुडवला.

"नाव?"

"कमळा."

"कमळा काय? नवऱ्याचं नाव सांग."

"ते माह्या पोरीचं नाव हाये," ती म्हणाली. "पहिले ते लिवा."